बोक्याच्या पथ्याचं खाणं ‘अर्ध्या किमतीत’: माझी फसवणूक कशी झाली

पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. पाऊण भरलेली. ती फेकायची नाही असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय, कारण पुरावा म्हणून आता तेवढीच उरली आहे. फोनवरचे निरोप ते खाणं विकणाऱ्या माणसाने दोन्हीकडून केव्हाच पुसून टाकले.

ढब्बू हा आमचा बोका. साडेचार वर्षांचा, नसबंदी झालेला, घराबाहेर न पडणारा, अंगाने नावाला शोभेल असा. एके संध्याकाळी तो सारखा लिटरच्या, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या, ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कण्हायचा, बाहेर यायचा, शेपटीखाली चाटायचा, परत आत. मला वाटलं बद्धकोष्ठ. बहुतेकांना तसंच वाटतं, हे नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी पोटाला हात लावला मात्र, आणि सगळी धावपळ सुरू झाली. लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे इतका अरुंद असतो की चिकट स्राव आणि बारीक स्फटिक यांचा एक छोटासा बुच तो बंद करायला पुरतो. लघवी अडली की मूत्रपिंडांचं काम थांबत जातं, रक्तात पोटॅशियम साठतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

तेव्हा भूल देऊन नळी घातली, दोन दिवस सलाईन लावून ठेवलं आणि ढब्बू गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून घरी आला. लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक दिसले होते. बरोबर वेदनेचं औषध, मूत्रमार्ग सैल ठेवणारी गोळी आणि खास पथ्याच्या खाण्याची छोटी पिशवी. मॅडमनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. एक, पोटात पाणी जास्तीत जास्त जाऊ दे. ओलं खाणं खात नसेल तर दाणे पाण्यात भिजवून द्या. दुसरी, लिटरमधले लघवीचे गोळे (लघवीने वाळू घट्ट होऊन बनतात ते) रोज मोजा आणि लिहून ठेवा. ‘बसतोय आणि येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.’

मी वही केली. आता मागे वळून बघताना सगळ्यात लाज वाटते ती याची, की वही अगदी नीट लिहिली होती.

छोटी पिशवी संपत आली तेव्हा दवाखान्यात ते खाणं नव्हतं, दहा-बारा दिवस येणार नव्हतं. शिवाय ते महाग, आणि दवाखान्याचं बिल नुकतंच भरलेलं. ओळखीच्या एका बाईंनी नंबर दिला. ‘माझ्या मनीला याच्याकडच्याच खाण्याने गुण आला’ म्हणाल्या. मी त्याच क्षणी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो पुढे सांगते.

माणूस बोलायला लाघवी. ‘ताई, आधी बाळाचं नाव सांगा’ इथपासून सुरुवात. मग वय, वजन, रिपोर्ट. मी रिपोर्टचा फोटो पाठवला तर पाच मिनिटांत आवाजी निरोप आला: स्ट्रुव्हाइट आहे ना, मग अमुक कंपनीचं तमुक खाणं, माझ्याकडे मोठ्या पोत्याचा माल येतो म्हणून अर्ध्या किमतीत देतो, डॉक्टरच्या चिठ्ठीची भानगड नाही. मी भारावले. याला किती माहिती! त्याने सांगितलेलं सगळं मीच पाठवलेल्या कागदावर छापलेलं होतं, हे ध्यानात यायला मला दोन आठवडे लागले. पैसे आगाऊ मागितले, मी दिले.

पिशवी आली. वरून हुबेहूब. उघडायला म्हणून तळ वर केला तर तळाच्या कडेला दोन शिवणी: एक सरळ, कंपनीची, आणि तिच्यापासून बोटभर आत दुसरी, जरा वाकडी, प्लास्टिक वितळून चुरगळलेली. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पिशवीवर छापलेली दिसत नव्हती, त्या जागी पांढरं स्टिकर, दोन्ही त्याच्यावरच. आणि आत दाणे वेगळे. दवाखान्यातले चपटे गोल होते, एकाच रंगाचे. हे काही तिकोनी, काही चांदणीच्या आकाराचे, मधूनच एखादा लालसर. मी विचारलं. ‘नवा लॉट आहे ताई, कंपनीने आकार बदललाय.’ एवढं उत्तर मला पुरलं. खरं सांगायचं तर पैसे देऊन झाले होते, आणि ढब्बू ते दाणे मिटक्या मारत खात होता. दवाखान्यातलं खाणं तो नाक मुरडून खायचा. तेही मी चांगलंच लक्षण धरलं.

आता वहीत काय आहे ते बघा. जुन्या खाण्यावर रोज तीन-चार गोळे, लिंबाएवढे. नव्या खाण्याच्या तिसऱ्या दिवशी पाच, पण लहान. चौथ्या दिवशी सहा, सुपारीएवढे. पाचव्या दिवशी समासात लिहिलंय: ‘पाण्याचं भांडं कालचंच, भरलेलं.’ मूत्रविकाराच्या बऱ्याच पथ्याच्या खाण्यांत मीठ मुद्दाम थोडं जास्त असतं, मांजराला तहान लागावी, लघवी पातळ व्हावी म्हणून. ढब्बू पाणी कमी पीत होता कारण त्या दाण्यांत तसलं काही नव्हतंच. गोळ्यांची संख्या वाढली आणि आकार घटला, म्हणजे त्याला सारखी कळ येत होती आणि थेंब थेंब होत होती. मी मात्र संख्या वाढली याचाच आनंद मानला.

तरी पाचव्या दिवशी मी त्या माणसाला कळवलं की गोळे लहान होतायत. त्यावर त्याने औषधाचे थेंब विकले. ‘खाण्याबरोबर हे सुरू करा, सगळ्या प्रकारचे खडे विरघळतात.’ या एका वाक्यावर फोन ठेवायला हवा होता. योग्य खाण्याने स्ट्रुव्हाइटचा खडा विरघळतो, त्यालाही काही आठवडे जातात. दुसऱ्या प्रकारचा, कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कुठल्याही खाण्याने किंवा औषधाने विरघळत नाही, तो काढावाच लागतो. ‘सगळ्या प्रकारचे’ म्हणणारा एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड. हे सगळं मॅडमनी मला पहिल्याच दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, त्याच्यासमोर उभं राहून मी थेंबांचे पैसे पाठवले. बाटली आजतागायत आली नाही. यात मी सुटले असंच म्हणायचं. त्यात काय होतं देव जाणे.

सहाव्या रात्री नऊच्या सुमाराला ढब्बू ट्रेमध्ये बसला तो उठेना. उठला तर न्हाणीघराच्या फरशीवर जाऊन बसला, तिथेही काही नाही. आणि मी फोन कुणाला केला? त्या माणसाला. कारण तो रात्री उचलायचा, ‘बाळ कसं आहे’ विचारायचा. दवाखान्यात रात्री फोन केला तर तातडीचे पैसे पडतात, आणि मॅडम खाणं कुठून आणलं ते विचारतील, ही भीतीही होतीच. तो म्हणाला, ‘घाबरू नका ताई, खडे पडायला लागले की असंच होतं, ही चांगली खूण आहे. डॉक्टरकडे नेलंत तर परत नळी घालतील, त्यांना काय, बिल वाढवायचंय. पोट शेका, हलक्या हाताने दाबा, मोकळी होईल.’

शेकलं. दाबलं नाही, दाबायचा धीर झाला नाही. तुंबलेलं मूत्राशय दाबलं तर फुटू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं; केवळ ढब्बू हात लावू देईना म्हणून ते टळलं.

बारा वाजता तो ओकला. एक वाजता कोपऱ्यात जाऊन पडला, हाक मारली तर कानही हलवेना. मी परत निरोप पाठवला. उत्तर आलं: ‘दुखत असेल, माणसांची तापाची गोळी पाव द्या, झोपेल.’

त्या गोळीने मला जागं केलं. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजराला विष आहे. त्याचं यकृत ते पचवूच शकत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. मांजर पाळणाऱ्या कुणालाही पहिल्या वर्षात कळणारी ही गोष्ट. ज्याला एवढं माहीत नाही त्याला मी चार तास विचारत बसले होते. पोटाखाली हात घातला तर मागच्या पायांच्या पुढे लिंबासारखा टणक गोळा लागला. ढब्बूला टोपलीत घातलं आणि निघाले.

पोटॅशियम ७.९ होतं. नेहमीचा आकडा पाच-साडेपाचच्या आत असतो. हृदयाचे ठोके मंदावले होते. हृदय सांभाळायला आधी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग भूल, मग पुन्हा नळी. पुढचे दोन दिवस उलटीच तऱ्हा: अडलेली मूत्रपिंडं सुटली की लघवी धो धो होते, आणि तेवढं पाणी सलाईनने भरून काढलं नाही तर बोका कोरडा पडतो. दवाखान्यातली मुलगी दर दोन तासांनी पिशवीतली लघवी मोजून फळ्यावर लिहायची. माझी वही मला आठवायची.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट केली, आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते, कारण चिडून मी सगळं खापर त्या दाण्यांवर फोडत होते. त्या म्हणाल्या, ‘खाण्यामुळेच तुंबलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत बरोबर खाणं देऊनही काही बोके पुन्हा तुंबतात. पण तुम्ही नऊ वाजता आला असतात तर हा आकडा आला नसता.’ म्हणजे त्याने पिशवीचे पैसे घेतले ते घेतले, खरे घेतले ते पाच तास.

मग पिशवी नेऊन दाखवली. तिथल्या मदतनिसाने स्टीलच्या ट्रेवर एका बाजूला खरे दाणे ओतले, दुसऱ्या बाजूला माझे. काही बोलायची गरजच नव्हती. स्टिकर उचकटलं तर खाली छापलेली खरी तारीख होती, सात महिन्यांपूर्वी उलटलेली. जुनी रिकामी पिशवी मिळवायची, साधे दाणे भरायचे, तळ परत चिकटवायचा. कंपनीच्या ग्राहक विभागाला फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं: स्टिकरवरचा बॅच नंबर आमच्या कुठल्याच मालाचा नाही.

त्या माणसाला हे सगळं पाठवलं. पहिलं उत्तर: ‘तुमच्या बोक्याची प्रकृतीच नाजूक आहे.’ दुसरं: ‘डॉक्टरांनी तुमचे कान भरले.’ तिसरं आलं नाही, मला ब्लॉक केलं. तक्रार केली आहे, पिशवी त्यासाठीच जपून ठेवली आहे. पैसे परत मिळतील असं वाटत नाही.

ओळखीच्या बाईंना नंतर विचारलं, तुमच्या मनीला नेमकं काय झालं होतं? मनी मादी. माद्यांचा मूत्रमार्ग रुंद असतो, त्या अशा तुंबत नाहीत म्हटलं तरी चालेल. तिला चार दिवस लघवीची जळजळ झाली होती, जी पुष्कळदा काही न करताही आठवड्याभरात शमते. ती शमली आणि श्रेय पिशवीला गेलं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. माझा प्रश्नच विचारायचा राहिला होता.

आता खाणं दवाखान्यातूनच येतं. नसलं तर मॅडमना फोन करून विचारते की तोवर दुसरं कुठलं चालेल. हा फोन मी तेव्हाही करू शकले असते, आणि त्यांनी दोन पर्याय सांगितलेही असते. पहिल्या खऱ्या पिशवीतले मूठभर दाणे बरणीत ठेवलेत, नवी पिशवी उघडली की त्यांच्याशी ताडून बघते. रिकाम्या पिशव्या कापून मगच टाकते, म्हणजे त्या कुणाला पुन्हा भरता येणार नाहीत. गोळे आता नुसते मोजत नाही, स्वयंपाकघरातल्या जुन्या काट्यावर वजनही करते. घरातले हसतात. हसू देत.

तुमच्या घरात अशी स्टिकर लावलेली पिशवी असेल तर ते नखाने ओरबाडू नका, खालची छपाई निघून जाते. केस वाळवायच्या यंत्राने अर्धा मिनिट गरम करा, कोपऱ्यातून अलगद सुटतं. आधी फोटो काढा, मग सोडवा.