पॅनक्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) बायोप्सीच्या सुया: स्टायलेट धरणाऱ्या हाताचा अनुभव

सुयांबद्दल बोलायचं म्हटलं की सगळे टोकाबद्दल बोलतात. सुई डॉक्टर सरांच्या हातात असते, स्टायलेट, म्हणजे सुईच्या पोकळीतली बारीक तार, माझ्या, म्हणून मी त्याबद्दलच लिहिणार.

परळ भागातल्या आमच्या एंडोस्कोपी रूममध्ये ईयूएसला (स्कोपच्या टोकावरून आतून करायची सोनोग्राफी) आधी साध्या २२ आणि २५ गेजच्या (आकडा मोठा तेवढी सुई बारीक) एफएनए सुया, म्हणजे सुट्या पेशी ओढणाऱ्या, चालायच्या. काही महिन्यांपासून टिश्यूचा तुकडा कापून आणणाऱ्या एफएनबी आल्या: तीन दातांच्या टोकाची फ्रँसीन, काट्यासारख्या टोकाची फोर्क-टिप, आणि कपाटात उरलेल्या, बाजूला खाच असलेल्या रिव्हर्स बेव्हल. किंमत ऐकून माझं पहिलं मत होतं, उगाच खर्च. पेशीच तर हव्यात!

डोकं फिरलं ते पॅनक्रियाजच्या हेडमधल्या (डोक्याकडच्या भागातल्या) एका गाठीच्या वेळी. स्कोप ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) वळलेला, २२ ची फ्रँसीन, पहिला पास, म्हणजे गाठीत सुई घालून नमुना घेणं, झकास. टिश्यू बाहेर ढकलायला स्टायलेट घालते, तर अर्ध्यात अडकला. सुईलाच बाक आलेला. तो हाताने सरळ करायचा म्हणजे स्वतःला टोचून घ्यायची भीती. शेवटी सलाइनने फ्लश केलं, फॉर्मॅलिनच्या बाटलीत रक्ताची गुठळीच जास्त. डीलरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुमची टेक्निक बघा. आणि सुई परत पाठवा, मग बदली बघू." वापरलेली सुई पंक्चर-प्रूफ पांढऱ्या डब्यात जाते, कुरियरने नाही. हे सुया विकणाऱ्याला मी सांगायचं?

बॉडी-टेलला (पॅनक्रियाजच्या मधल्या आणि शेपटीकडच्या भागाला) जठरातून जाताना हा त्रास जवळजवळ नाही, स्कोप सरळ असतो. हेड आणि अनसिनेटला (हेडच्या खालच्या आकड्यासारख्या भागाला) २५ गेज जास्त वळते, आणि तिचा स्टायलेट निदान पुन्हा आत तरी जातो. १९ गेज तिथे मला नकोच, फार ताठ.

एवढं चिडूनही मत बदललं, कारण आहे पॅथॉलॉजी. साध्या सुईला सायटोलॉजीवाल्या (पेशी लगेच मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या) मॅडम शेजारी उभ्या असल्या तर बरं, पण दुपारनंतर त्या मिळतात कुठे? एफएनबीत पांढुरका धागा, शेवयाच्या तुकड्यासारखा, डोळ्यांनी दिसतो. २०२१ मध्ये ८०० रुग्णांचा अभ्यास आला होता: एफएनबी करताना जागेवर सायटोलॉजी असो वा नसो, अचूकता ९६.४ आणि ९७.४ टक्के. म्हणजे फरक नाहीच. शिवाय ऑटोइम्यून पॅनक्रियाटायटिस (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी पॅनक्रियाजची सूज) किंवा लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर सुट्या पेशींवर भागत नाही, टिश्यूची रचना दिसावी लागते.

आणि पैशाचं म्हणाल तर, जळगावहून आलेला पेशंट दादरच्या धर्मशाळेत उतरलेला असतो. "मटेरियल अपुरं" असा रिपोर्ट आला की पुन्हा उपाशीपोटी, पुन्हा सेडेशन, सोबतच्या मुलाची आणखी एक आठवड्याची रजा. त्यापुढे सुईतला फरक मला आता जड वाटत नाही.

फोर्क-टिप आणि फ्रँसीन यांत रिपोर्टच्या दृष्टीने मला डावं-उजवं करता आलं नाही. रिव्हर्स बेव्हलचे नमुने तुटक यायचे. सिरिंजने ओढायच्या सक्शनपेक्षा स्लो-पुलला, म्हणजे नमुना घेताना स्टायलेट हळूहळू बाहेर काढण्याला, रक्त कमी येतं, पण स्टायलेट सावकाश ओढायचा म्हणजे खरंच सावकाश. नवीन मुलं तो दोरी खेचल्यासारखा ओढतात.

पुढच्या ऑर्डरमध्ये बॉडी-टेलसाठी २२ ची फ्रँसीन, हेडसाठी २५ ची. दुसऱ्या डीलरकडून.