बाबांची पंचाहत्तरी: साय कुंग की लेइ यू मुन?

हाँगकाँगला मुलाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आईवडिलांची पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, नाहीतर नातवाचा वाढदिवस मासळीच्या मोठ्या टेबलावर करायचा ठरला, की गाडी दोन नावांशी अडते: साय कुंग आणि लेइ यू मुन, समुद्रकाठची मासळीच्या हॉटेलांची दोन ठिकाणं. दोन्हीकडे जिवंत मासा टाकीतून निवडायचा आणि तासाभरात ताटात. फरक आहे तो निवडण्याच्या पद्धतीत.

लेइ यू मुनला अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना टाक्या लावलेली दुकानं आहेत. मासळी तिथे विकत घ्यायची, मग शेजारच्या हॉटेलात शिजवून घ्यायची. त्या शिजवण्याचे पैसे वेगळे. दादरच्या बाजारात कोळणीशी हुज्जत घालून पापलेट आणणाऱ्या आईला ही गल्ली मनापासून आवडेल. पण भाव किलोचा नसतो. कॅटीचा असतो, म्हणजे जेमतेम ६०५ ग्रॅम. महाग माल तर कधी ताएलवर लावतात. एका कॅटीत १६ ताएल. पहिल्या वेळी मी आकडा किलोचा समजून शेवंडीला मान डोलावली होती. बिल आलं तेव्हा मेव्हण्यानेही डोलावली, पण माझ्याकडे बघून. म्हणून वजन पिशवीतलं पाणी काढून करायला सांगा, एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या आणि शिजवण्याचा दरही आधीच विचारा.

साय कुंगला समुद्रकाठचा रुंद, सपाट रस्ता आहे. धक्क्याला लागलेल्या होड्यांमधून मासे विकतात ते वरून वाकून बघायचे, मग हॉटेलच्याच टाकीतला मासा दाखवून आत बसायचं. भाव इथेही विचारायचाच, पण हिशेब एकाच ठिकाणी होतो. गुडघे दुखणारी आजी आणि स्ट्रोलरमधलं पोर सोबत असेल तर माझं मत सरळ साय कुंगला. ओल्या, गर्दीच्या गल्लीत स्ट्रोलर ढकलणं म्हणजे शिक्षा.

जाण्यायेण्यात मात्र बाजी उलटते. लेइ यू मुनला याउ टोंग मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं, पंधरा-वीस मिनिटं. साय कुंगला मेट्रो नाही. चोइ हुंगहून १ए किंवा हांग हाउहून १०१एम ही हिरवी मिनीबस. टॅक्सीने परतणार असाल तर लाल बघा. हिरव्या टॅक्सीला न्यू टेरिटरीजबाहेर (साय कुंग याच भागात येतं) शहरात फिरता येत नाही.

जेवणात फार फरक नाही. आलं-कांदापात घालून वाफवलेला गोब्रा, लसूण आणि शेवया घातलेले स्कॅलप नावाचे शिंपले, मीठ-मिरीत तळलेली मांटिस कोळंबी. मसाला शोधू नका, नाहीतर बाबा चटणीच्या वाटीकडे बघत बसतील. माशाचं डोकं सत्कारमूर्तीकडे करून ताट ठेवतात, म्हणून खुर्ची आधी ठरवा. खालचा भाग खायला मासा उलटवू नका. कोळ्यांची समजूत अशी, की मासा उलटला तर होडी उलटते. मधला काटा उचलून काढायचा.

घरात शाकाहारी असतील तर दोन्ही ठिकाणी सांभाळावं लागतं. साध्या दिसणाऱ्या पालेभाजीवरही कालवांचा ऑयस्टर सॉस पडतो, म्हणून फक्त लसणात परतून मागा. चहाचे माणशी पैसे आणि दहा टक्के सेवाशुल्क बिलात येतं, त्याचा वाद घालू नका.

टेबल आधी सांगून ठेवा, शनिवार-रविवारी तर नक्कीच, आणि वाढदिवस आहे हेही सांगा. शेवटी दीर्घायुष्याच्या लांब नूडल्स मागवा. त्यात अंडं असतं, हे शाकाहाऱ्यांना आधी सांगा. आणि बाबांनी चमच्याने तोडायला घेतल्या, तर हात धरा.