ठिबकची सर्व्हिसिंग: पैसे देण्याआधी काय बघाल

पुणे जिल्ह्यात ठिबकची दुकानं बाजाराच्या प्रत्येक गावात आहेत. संच बसवल्यावर बांधावर येऊन तो धुऊन देणारेही आता भेटतात. सेवा उपयोगाची आहेच, पण बरेच जण ती अर्धवट देतात.

चांगला माणूस आल्याआल्या ॲसिडचा कॅन उघडत नाही, आधी मोजपात्र काढतो. ताशी 4 लिटरच्या ड्रीपरमधून, म्हणजे झाडापाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीतून, मिनिटाला साधारण 67 मिलि पाणी पडायला हवं, 2 लिटरच्यातून 33. एका व्हॉल्व्हवरच्या चार लॅटरल (ड्रीपर बसवलेल्या बारीक नळ्या) आणि प्रत्येकीवर तोंडापासून शेवटापर्यंत चार जागा, अशी 16 मोजमापं घ्यायची. त्यातल्या सगळ्यात कमी चार मापांची सरासरी एकूण सरासरीच्या 90 टक्क्यांवर असेल तर संच उत्तम. 80 च्या खाली असेल, तर काही झाडं तहानलेली आहेत, आणि विद्राव्य खतही ठिबकमधूनच जात असल्यामुळे उपाशीसुद्धा. धुऊन झाल्यावर हाच आकडा पुन्हा काढून वहीत लिहून मागा. तो नसेल तर काम झालं की नाही हे कळायला मार्ग नाही.

नळी कशानं चोंदली, हेही त्यानं सांगायला हवं. विहिरीच्या जड पाण्यानं पांढरे क्षार बसतात, त्यांना ॲसिड लागतं. उजनीच्या फुगवट्याच्या किंवा शेततळ्याच्या पाण्यातलं बुळबुळीत शेवाळ ॲसिडनं जात नाही, तिथे क्लोरीन हवं. अशा पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, सँड फिल्टर लागतोच. बोअरमधून रेती येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून रेती वेगळी काढणारा फिल्टर.

सगळ्यात जास्त चुका ॲसिडच्या मात्रेत होतात. एकराला एवढे लिटर असा ठोकताळा कुणी सांगितला तर थांबवा. त्याच विहिरीचं 10 लिटर पाणी बादलीत घेऊन, पीएच पेपरवर सामू (पीएच) 4 दिसेपर्यंत थोडं थोडं ॲसिड घालायचं. समजा 6 मिलि लागलं आणि त्या व्हॉल्व्हमधून 15 मिनिटांत 2,250 लिटर पाणी जातं, तर मात्रा होते 1.35 लिटर. ती व्हेंचुरीतून (खत-ॲसिड ओढून पाण्यात सोडणारा भाग) सोडून संच 24 तास बंद ठेवायचा, मग लॅटरलच्या टोकाची एंड कॅप उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत लॅटरल धुवायच्या. पुष्कळ जण त्याच दिवशी फ्लश करून निघून जातात. अशानं सुटलेला क्षार पूर्ण विरघळत नाही आणि पुढच्या ड्रीपरमध्ये जाऊन अडकतो.

सुरक्षेबाबत तडजोड नको. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही कामं एकाच दिवशी उरकू म्हणणाऱ्याला परत पाठवा.

चांगली सेवा फोनवरच ओळखू येते. शेतीची थ्री-फेज वीज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, लॅटरल 12 मिमीची की 16 ची, पाणी कुठलं, हे तो आधीच विचारतो. जॉइनर, ग्रोमेट (जोडावरचं रबर), एंड कॅप असे सुटे भाग गाडीतच असतात, कारण उंदरानं कुरतडलेल्या एका नळीपायी तालुक्याला दुसरी फेरी म्हणजे शेतकऱ्याचा अख्खा दिवस. वार्षिक करार करायचाच तर फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन प्रेशर गेज लावून देणाऱ्याशी करा. दोन्हींतला फरक नेहमीपेक्षा अर्ध्या किलोनं (चौरस सेंटिमीटरला) वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून फिल्टर धुवायचा, आणि तेवढ्यासाठी त्याला बोलवावं लागत नाही.