दिंका हस्तिदंती कर्णभूषणं: एका फसलेल्या सौद्याची उलटतपासणी

कानातल्यांची जोडी ऑनलाइन विकायला आली ती तीन दाव्यांसह: हस्तिदंत, दक्षिण सुदानातल्या दिंका लोकांची, 1930च्या सुमाराची. आपल्याकडच्या एका संग्राहकाने ती घेतली आणि हातात पडलं हाड. तक्रार मात्र त्याने केली नाही. तो करणार नाही हे विकणाऱ्याला आधीच ठाऊक होतं. भारतात देशी हस्तिदंताचा व्यापार 1986च्या दुरुस्तीने बंद झाला आणि आफ्रिकी हस्तिदंताची आयात-विक्री 1991च्या दुरुस्तीने. पोलिसात जायला ज्याचे पाय अडखळतील असंच गिऱ्हाईक या धंद्याला हवं असतं.

आधी माल बघू. हत्तीच्या सुळ्याचा आडवा छेद घेतला की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. या श्रेगर रेषा. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन 115 अंशांपेक्षा मोठा असेल तर हत्ती, 90 पेक्षा लहान असेल तर मॅमथ, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद. गोम इथेच आहे. गाभ्याकडे हत्तीच्या दातातही कोन लहान होत जातो. शिवाय दोन-तीन सेंटिमीटरचं कानातलं बहुधा उभ्या कापातून काढलेलं असतं आणि तिथे जाळी दिसतच नाही, नुसत्या लाटांसारख्या रेघा दिसतात. म्हणून ‘तुकडा लहान आहे, रेषा दिसणार नाहीत’ हे विकणाऱ्याचं वाक्य अर्धं खरं असतं आणि ते अर्धं खरंच गळाला लावलं जातं. अशा वेळी रेषा वस्तू काय नाही ते सांगू शकतात: काटेकोर समांतर, सारख्या अंतराच्या रेघा म्हणजे सेल्युलॉइड, हस्तिदंताची नक्कल करणारं जुनं प्लास्टिक. दहापट भिंगाखाली बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसल्या तर ते हाड. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात आणि दातात त्या नसतात. या जोडीत त्या होत्या, पण मेण घासून बुजवलेल्या. विक्रीच्या फोटोत पुढची बाजू तेवढी होती, भोकाच्या आतल्या कडेचा फोटो नव्हता. तो मागायचा, कारण मेण तिथवर पोचत नाही.

अतिनील टॉर्चवर फार भिस्त ठेवू नका. हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो खरा, पण हाडही तसंच चमकतं. गरम सुई टोचून बघणं तर वस्तूच बिघडवतं. त्यापेक्षा वजन बरं. 0.01 ग्रॅमचा काटा, त्यावर पाण्याची वाटी, काटा शून्यावर. वस्तू दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. कोरडं वजन 9 ग्रॅम आणि काट्यावर 5 आले तर घनता 9 भागिले 5, म्हणजेच 1.8, म्हणजे हस्तिदंताच्या पट्ट्यात (1.7 ते 1.9). 6.5 आले तर घनता 1.4च्या आसपास, म्हणजे सेल्युलॉइड किंवा वनस्पतिज ‘हस्तिदंत’. हा दुसरा प्रकार दूम ताडाच्या बियांचाही असतो आणि तो ताड सुदानातही वाढतो, त्यामुळे ‘सुदानचा माल’ एवढं खरं निघू शकतं! हाड मात्र घनतेत दाताला खेटून असतं, काटा त्याला पकडत नाही. खरा जुना दात पाणी पिऊन तडकतो, तेव्हा बुडवणं काही सेकंदांचंच.

मग जुनेपण. चहाच्या किंवा तंबाखूच्या पाण्यात उकळलेला रंग सगळीकडे सारखा चढतो, खाचांत आणि उंचवट्यांवर एकाच छटेचा. वापराने झिजलेल्या वस्तूत उंचवटे गुळगुळीत नि फिके असतात आणि मळ खाचांत. भोकही बघावं. हाताने दोन्ही बाजूंनी पाडलेलं भोक बहुधा मध्ये चिंचोळं होतं, विजेच्या ड्रिलचं सरळ नळीसारखं असतं. या जोडीची दोन्ही भोकं सरळ होती.

‘दिंका’ हा दावा सगळ्यात सैल. पांढऱ्या नाईलच्या आणि बहर अल-गझलच्या काठचे हे गुराखी लोक. त्यांची हस्तिदंती कामात सर्वांत ओळखली जाणारी वस्तू म्हणजे दंडावरची जाड कडी. त्या नावाच्या जोरावर दलाल कुठलंही पांढरं कानातलं ‘दिंका’ म्हणून खपवतात. रंगीत तुकडे जडवलेल्या गोल चकत्या दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या. जोडीसोबतच्या पिवळट चिठ्ठीवर ‘दक्षिण सुदान प्रजासत्ताक, 1930’ असं लिहिलेलं होतं. हे प्रजासत्ताक जन्मलं 9 जुलै 2011 रोजी. खऱ्या वस्तूमागे संग्राहकाचं नाव, गाव आणि वर्ष असतं. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत दक्षिण सुदानच्या वस्तू अशा नोंदींसह आहेत, आकार त्यांच्याशी ताडून बघता येतो.

‘सायटीस प्रमाणपत्र’ म्हणून आलेली पीडीएफ केवळ सजावट होती. सायटीस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याचा परवाना सरकारी प्राधिकरण देतं, विक्रेता नाही, आणि तो वस्तू अस्सल असल्याचा दाखला नसतो.

पार्सल निघाल्यावर दुसरा हप्ता आला: ‘कस्टममध्ये अडकलं, दंड भरा, नाहीतर हस्तिदंत मागवल्याची केस होईल.’ सीमाशुल्काचा दंड कोणाच्या खासगी यूपीआयवर भरला जात नाही. इथे भीतीने पैसे पाठवले तर मागणी थांबत नाही, वाढते. चॅट, खाते क्रमांक आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. स्वतःवर काही येईल अशी धास्ती असेल तर आधी वकिलाला विचारा, पण त्यात दिवस घालवू नका.

खोटी निघालेली जोडी ‘हस्तिदंती’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारली तर तुम्हीच विक्रेते ठरता. खरी निघाली तर अडचण मोठी. ती विकू नका, कुणाला भेट देऊ नका, वकिलामार्फत वन विभागाला कळवा.