चकती सुरेख, चिठ्ठी चोख, परवान्याचा कागद मात्र नाही (४/५)

अशनीच्या, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडाच्या, चकत्या ऑनलाइन विकणारे पुष्कळ आहेत. मी दगडाच्या फोटोआधी सोबतची चिठ्ठी वाचते. या विक्रेत्याच्या चिठ्ठीवर नाव, वर्ग, मूळ दगडाचं वजन होतंच, शिवाय बहुतेक जण गाळतात ती ओळही होती: संदर्भ नमुना, म्हणजे त्याच दगडाचा अभ्यासासाठी राखून ठेवलेला तुकडा, कोणत्या संग्रहालयात, किती ग्रॅम. अशनींची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या 'मीटिओरिटिकल बुलेटिन'च्या डेटाबेसशी ताडून पाहिलं, सगळं जुळलं.

नव्या अशनीला अधिकृत नाव मिळवायचं तर एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यांतलं जे कमी असेल तेवढं मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावंच लागतं. म्हणजे ५० ग्रॅमच्या खड्यातले १० ग्रॅम जातात आणि १० किलोच्या धोंड्यातले फक्त २०! मोठ्या दगडांच्या बाबतीत हा वाटा फारच तुटपुंजा आहे, असं माझं ठाम मत. या दगडातून संग्रहालयाला नियमापेक्षा बरंच जास्त दिलंय. मी ऑर्डर दिली ती त्यामुळेच.

चकती कॉन्ड्राइटची, म्हणजे कॉन्ड्रूल नावाचे बारीक गोल दाणे असलेल्या दगडी अशनीची. एका कडेला वितळून थिजलेली काळी साल शाबूत आहे. भिंगातून गोल कॉन्ड्रूल सुटे सुटे दिसतात. तिरपी धरली की लोह-निकेलचे कण लखलखतात. पॉलिश अप्रतिम. पाकिटात सिलिका जेलची पुडी मात्र हवी होती. एका कणाभोवती गंजाची तांबूस कड आलीये.

सालीवर आधीच्या संग्राहकाने रंगवलेला बारीकसा क्रमांक विक्रेत्याने पुसला नाही, याबद्दल त्याचे मनापासून आभार. अमेरिकी अशनी-संग्राहक हार्वी निनिंजर आपल्या नमुन्यांवर असेच क्रमांक घालत. त्यांच्या संग्रहाचा एक भाग १९५८ मध्ये ब्रिटिश म्युझियमला आणि उरलेला १९६० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला गेला. असा क्रमांक खरवडला की तुकड्याचा पूर्वेतिहासच जातो.

एक तारा कापला तो निर्यातीच्या कागदासाठी. डेन्मार्कमध्ये सापडलेली अशनी सरकारची होते आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. कॅनडात सापडलेली बाहेर न्यायला परवाना लागतो. माझी चकती उत्तर-पश्चिम आफ्रिकेच्या वाळवंटातली. ती तिथून कशी बाहेर पडली, असं विचारलं तर "जुना माल आहे, कागद नाहीत" एवढंच उत्तर आलं. उत्तर प्रामाणिक आहे, पण मला पुरेसं नाही. पुढची चकती कागद बघूनच घेईन.