जुन्या वृत्तपत्रांच्या फाइलींतले राजू शेट्टी: एका संदर्भ विभागाविषयी

कोल्हापुरातील एका सार्वजनिक वाचनालयात जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली जागेवर बसून पाहण्याची सोय आहे. ऊस उत्पादक शेतकऱ्यांचे नेते राजू शेट्टी यांची राजकीय वाटचाल मुळातून तपासण्यासाठी मी या विभागात गेलो आणि सोय कामाची आहे, असे माझे मत झाले.

नुसते आकडे घरबसल्याही मिळतात. २००४ साली शिरोळमधून अपक्ष आमदार, २००९ आणि २०१४ साली हातकणंगल्याचे खासदार, पुढे दोन पराभव, एवढ्यात ही कारकीर्द आटोपल्यासारखी दिसते. फाइलीत मात्र दोन निवडणुकांमधली वर्षे सापडतात. गाळप हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरची ऊस परिषद, पहिल्या उचलीची (उसाच्या दराच्या पहिल्या हप्त्याची) मागणी, अडवलेली उसाची वाहने हे सारे निवडणूक असो वा नसो येतच राहते, आणि ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत शेतकऱ्यांनी उमेदवाराला पैसेही दिले आणि मतेही दिली, ती कशाच्या बळावर, याचा उलगडा तिथे होतो. २०१४ची महायुती, २०१७ मधील फारकत, २०१९ मधील काँग्रेस-राष्ट्रवादीची साथ आणि २०२४ची एकाकी लढत ही वळणेही तारखेबरहुकूम लावता येतात.

निकालाचे तक्ते सावकाश वाचावेत. २०१९ साली धैर्यशील माने यांनी शेट्टींना सुमारे ९६ हजारांनी हरवले, तेव्हा वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराची मते त्या फरकाहून जास्त होती. २०२४ साली विजयी माने आणि दुसऱ्या क्रमांकावरील सत्यजित पाटील-सरूडकर यांच्यात अंतर उरले १३,४२६ मतांचे आणि तिसऱ्या क्रमांकावरील शेट्टींकडे जवळपास १ लाख ८० हजार मते होती. ही मते अन्यथा कुणाला गेली असती, हे कोणताही तक्ता सांगत नाही. पारावर मात्र ते सगळ्यांनाच ठाऊक असते.

उणिवा आहेतच. २००९च्या निकालाचे पान कुणीतरी ब्लेडने कापून नेले आहे, तर काही खंडांची शिवण इतकी आत घेतली आहे की कडेचा रकाना अर्धाच वाचता येतो. झेरॉक्स मिळत नाही. लेखी अर्ज दिल्यास मोबाइलवर छायाचित्र घेऊ देतात. कर्मचारी तत्पर आहेत, परंतु विषयवार सूची नसल्याने तारीख आपणच सांगावी लागते, म्हणून महिना आणि वर्ष टिपून नेल्याशिवाय जाऊ नये.