वेगाचं चलान: भरायचं की लढायचं? आधी बघा वेग कशानं मोजलाय

ई-चलानचा मेसेज आला की बहुतेक जण निमूट पैसे भरतात, नाहीतर मेसेज तसाच पडू देतात. दुसरं तर करूच नये. गाडी विकायला काढली की थकलेलं चलान हस्तांतरणाच्या आड येतं. पण पैसे भरण्याआधीही पाच मिनिटं काढा. द्रुतगती मार्गावरच्या कॅमेरे लावलेल्या कमानीनं पकडलेल्या गाडीचा बचाव वेगळा आणि रस्त्याकडेच्या स्पीडगननं पकडलेल्या गाडीचा वेगळा.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. खोट्या चलानाच्या नावानं एपीके फाइली, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप घुसवणाऱ्या फाइली, सर्रास फिरतात. ब्राउझरमध्ये स्वतः महाट्रॅफिक ई-चलानचं सरकारी संकेतस्थळ उघडा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाका आणि फोटो मोठा करून बघा. निर्णयाला लागणारी निम्मी माहिती त्या फोटोतच असते.

लेझर गन

महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत किंवा ट्रायपॉडवर असते ती बहुधा हीच. ही गन डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पल्स सोडते आणि पल्स परत यायला लागलेल्या वेळावरून गाडीचं अंतर काढते. अर्ध्या सेकंदाच्या आत अशी शेकडो अंतरं मोजली जातात. अंतर ज्या झपाट्यानं घटतं तोच गाडीचा वेग. झोत इतका बारीक असतो की ३०० मीटरवरही तो जेमतेम मीटरभर पसरतो. त्यामुळे ‘शेजारच्या गाडीचा वेग माझ्या नावावर टाकला’ ही तक्रार इथे सहसा टिकत नाही.

तरीही फोटोत गनचा नेम दाखवणारी फुली कुठे आहे ते बघाच. ती तुमच्या नंबरप्लेटवर किंवा बॉनेटच्या पुढच्या भागावर असेल, तर मोजणी तुमचीच. ती तुमची गाडी आणि शेजारचा टेम्पो यांच्या मधल्या फटीत असेल किंवा फोटोत छापलेलं अंतर फार लांबचं असेल, तर मुद्दा हातात आला.

गन हलल्यामुळे होणारी चूक खरी आहे, पण तिची मर्यादा समजून घ्या. मोजणी चालू असताना झोत पुढच्या काचेवरून घसरून नंबरप्लेटवर आला, तर गाडी तितकी पुढे न येताच दीड मीटर अंतर कमी झालेलं दिसतं. ०.३ सेकंदात दीड मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर जादा. चांगली गन असं वेडंवाकडं माप ओळखून आकडाच दाखवत नाही, आणि ट्रायपॉडवर हे क्वचितच घडतं. १०० च्या मर्यादेत १०६ दाखवले असतील आणि गन हातात धरलेली असेल, तर हा मुद्दा मांडण्यात अर्थ आहे. १३८ दाखवले असतील तर नाही.

रडार गन

रडारचं नेमकं उलट. गाडीवर आपटून परत आलेल्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्या बदलावरून वेग निघतो. मोजणी नेमकी असते, पण झोत रुंद. १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर साधारण ६० मीटर पसरतो, म्हणजे सगळ्या लेन त्यात आल्या. परतलेल्या लहरींत ट्रकचा आवाज मोठा आणि मोटारसायकलचा बारीक. म्हणून फोटोत त्याच दिशेनं धावणारी दोन वाहनं दिसत असतील, तर नेमकं कोणाचं माप घेतलं हा प्रश्न इथे रास्त ठरतो.

‘गन तिरकी धरली होती’ हा युक्तिवाद मात्र करू नका. पोलिसांची गाडी उभी असताना कोन वाढला की वेग कमीच दिसतो: २० अंशांवर १०० चे ९४. चूक झाली ती तुमच्या फायद्याची. अपवाद धावत्या पोलीस गाडीतून मोजणी होते तेव्हाचा. रडार तेव्हा स्वतःच्या गाडीचा वेगही रस्त्याकडच्या प्रतिध्वनींवरून काढतं. तो कमी धरला गेला तर उरलेला फरक समोरून येणाऱ्याच्या माथी येतो.

वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांसाठी केंद्रानं २०२५ मध्ये वैधमापन नियम आणले. वापराआधी यंत्राची पडताळणी आणि मुद्रांकन हवं, वाण्याच्या तराजूसारखं. रडारचं चलान असेल तर या मुद्रांकनाबद्दल जरूर विचारा.

कमानींवरचे कॅमेरे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून सुरू झालेली यंत्रणा जागेवरचा वेग मोजते, तसा दोन कमानींमधला सरासरी वेगही काढते. समजा कमानींमध्ये १० किलोमीटर आहेत. ताशी १०० नं ते अंतर कापायला ६ मिनिटं लागतात. ५ मिनिटं २० सेकंदांत कापलं तर सरासरी ११२.५. इथे निकालात ताशी एका किलोमीटरची चूक व्हायलाही दोन कमानींच्या घड्याळांत जवळपास तीन सेकंदांचा फरक पडावा लागतो. त्यामुळे वेगाच्या आकड्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.

चूक होते ती नंबरप्लेट वाचण्यात. ८ चा बी होतो, शून्याचा डी होतो. ‘दादा’, ‘बॉस’ वाचता यावं म्हणून वळवलेले आकडे यंत्र भलतेच वाचू शकतं आणि चलान तिसऱ्याच्याच दारात जातं. कोणी तुमचा नंबर दुसऱ्या गाडीवर लावलेला असेल, तर तोही इथेच सापडतो. फोटोतलं मॉडेल, रंग, कॅरिअर, बंपरवरचा पोचा जुळवून बघा. त्या दिवशीचा फास्टॅगचा उतारा काढा; त्याच वेळी तुमची गाडी दुसऱ्या टोलनाक्यावर असेल, तर याहून चांगला पुरावा नाही.

‘माझा काटा तर १०० वरच होता’ हे कोणत्याही यंत्रापुढे चालत नाही. कंपनीतून आलेला काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. मोठ्या घेराचे टायर चढवले असतील, तर मात्र काटा कमी दाखवायला लागतो आणि जबाबदारी तुमची.

मार्ग कोणता?

गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकला असेल, तर पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार करा. चलान क्रमांक, आरसी, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि फास्टॅगचा उतारा जोडा. वकील लागत नाही. नोटिशीवर छापलेली मुदत पाळा.

गाडी तुमची, फोटो स्वच्छ आणि वेग खरा असेल, तर भरून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. बरीच चलानं साचली असतील तर लोकअदालतीत तडजोड सोयीची, पण तिथे यंत्राची उलटतपासणी होत नाही आणि निवाड्यावर अपीलही नसतं.

न्यायालयाचं गणित वेगळं. द्रुतगती मार्गावरच्या प्रकरणाच्या तारखा खालापूर किंवा वडगाव मावळला पडल्या, तर नागपूरच्या माणसाचा प्रवासखर्चच दंडाहून मोठा होईल. पण पोट लायसन्सवर असलेल्या चालकानं असा हिशेब करू नये. दुसऱ्यांदा सापडल्यावर लायसन्स जप्त होण्याची तरतूद आहे; त्यामुळे पहिल्या चलानात खरी खोट दिसत असेल तर ते लढवणंच शहाणपणाचं.

न्यायालयात दोन तरतुदी कामाच्या. कलम १८३(३) प्रमाणे एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर दोषी ठरवता येत नाही. अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. आणि २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ प्रमाणे यंत्राला राज्य सरकारनं नेमलेल्या प्राधिकरणाचं मान्यता प्रमाणपत्र लागतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, जागेवर इशारा फलक लागतो आणि नोटीस १५ दिवसांत पाठवावी लागते. चलानात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं. हे प्रमाणपत्र आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं. पहिल्याच तारखेला हे सगळे कागद लेखी अर्ज करून मागा. चलानाचा निकाल लागेपर्यंत मूळ इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवणं त्याच नियमानं बंधनकारक आहे, तेव्हा फोटोची मूळ फाइलही त्याच अर्जात मागून घ्या.